नव्या गाडीवर गंज दिसला: तीच घ्यायची की दुसरा चेसिस मागायचा?

बुकिंग झालंय, गाडी यार्डात आलीये, तुम्ही टॉर्च घेऊन पीडीआय, म्हणजे ताब्यात घेण्याआधीची तपासणी, करायला गेलात आणि कुठेतरी तांबूस डाग दिसला. आता शोरूमवाला दोन रस्ते सांगतो. एक, "साहेब, किरकोळ आहे, आम्ही ट्रीटमेंट करून देतो, हीच घ्या." दोन, हे तो स्वतःहून सांगत नाही, आपल्याला मागावं लागतं: ही गाडी नको, दुसऱ्या चेसिस नंबरची, म्हणजे याच मॉडेलची दुसरी गाडी द्या. मी दुसरा रस्ता धरला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचता येईल.

सगळ्याच गंजासाठी हा प्रश्न पडत नाही. ब्रेकची डिस्क बिडाची असते, तिला रंग नसतो. एका रात्रीच्या पावसात ती नारिंगी होते आणि रस्त्यावर चार-सहा वेळा ब्रेक दाबले की चकचकीत होते. सायलेन्सर तपकिरी दिसणं, हबच्या कडेला गंज, खालच्या एखाद्या बोल्टच्या डोक्यावर तांबूस पावडर, यावरून भांडू नये. बॉनेटवर किंवा छतावर सुईच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसले तर तो बहुधा रेल्वे वॅगनमधून येताना बसलेला लोखंडाचा कीस असतो. डिटेलिंगवाले चिकणमातीसारखी एक वडी फिरवून तो काढतात. पत्रा खाली शाबूत असतो.

प्रश्न सुरू होतो तो पत्र्याच्या घडीपाशी. दरवाजाचा बाहेरचा पत्रा खालच्या कडेला आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. बॉनेट आणि डिकीचं दार यांचंही तसंच. अख्खी बॉडी कारखान्यात प्रायमरच्या हौदात बुडवून काढतात, पण घडीच्या पोटात तो प्रायमर सगळीकडे पोचेलच असं नाही, म्हणून कडेला सीलंट भरतात. सीलंटमध्ये कुठे खंड पडला की पाणी तिथून आत शिरतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतं, त्यामुळे रंग आतून उचलला जातो. बाहेर फुगा दिसेपर्यंत आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

माझ्या बाबतीत जागा होती डिकीच्या दाराची खालची कड. दार वर उचललं, खालून टॉर्च मारला. पाणी निथळायचं भोक असतं ना, त्याच्या शेजारी सीलंटची रेघ मध्येच तुटलेली. त्या फटीत नखाएवढी तपकिरी रेघ. बोट फिरवलं तर बोटाला रंग लागला. बाकी गाडी झकास होती. रंग हवा तोच, किलोमीटर जेमतेम, काचांवर एक ओरखडा नाही.

ही गाडी यार्डात का भिजत पडली होती, याचं कारण साधं आहे. पितृपक्षात आपल्याकडे गाडी कोणी उचलत नाही. कंपनीचा माल मात्र दसऱ्याच्या मागणीसाठी आधीपासून येऊन पडतो. म्हणजे पावसाचा शेवटचा जोर, उघडं यार्ड आणि ग्राहक नाही, असा तो पंधरवडा. दसऱ्याला हार घालून उभ्या केलेल्या बऱ्याच गाड्यांनी तो भोगलेला असतो. त्यात आमची रत्नागिरीची हवा. इथे खिडकीच्या ग्रिलला दर दोन-तीन वर्षांनी नवा रंग द्यावा लागतो, तर उघड्या पडलेल्या पत्र्याचं काय सांगावं.

आता तीच गाडी घेण्याची बाजू, आणि ती अगदीच लंगडी नाही. मुहूर्त हुकत नाही. त्या महिन्याची ऑफर हातात राहते. बँकेने शोरूमच्या नावाने डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे कर्जाचे पैसे देण्याची हमी) काढलेला असतो, त्याची मुदत पुन्हा वाढवायला नको. हवा तो रंग आणि हवं ते मॉडेल समोर उभं असतं. शोरूमने मनावर घेतलं तर दुरुस्तीही नीट होऊ शकते: गंज घासून पत्रा स्वच्छ करायचा, इपॉक्सी प्रायमर, मग रंग, लॅकर आणि शेवटी नवीन सीलंट. माझ्या आतेभावाने कोल्हापुरात अशीच गाडी घेतली, मागच्या दरवाजाच्या कडेला डाग असलेली. त्याने काम उभं राहून करून घेतलं आणि आजही त्या कडेला काही नाही. तो मला अधूनमधून चिडवतो की तू उगाच एवढा खटाटोप केलास. कदाचित त्याचं बरोबर असेल. कोल्हापुरात पाऊस आहे, पण खारं वारं नाही.

तरी दोन गोष्टी मनात ठेवाव्यात. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का करतात. बॉडीशॉपच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपासच जाता येतं, कारण तोवर गाडीत वायरिंग, प्लास्टिक, सीटा सगळं बसलेलं असतं. पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर घासताना तोही जातो. म्हणजे दुरुस्ती कितीही मन लावून केली तरी मूळचं काम परत येत नाही. दुसरी गोष्ट पुढे विकतानाची. जुन्या गाड्या घेणारे हल्ली रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावतात. एका दारावर आकडा जास्त आला की कागदावर 'रिपेंट' लिहून भाव पाडतात. ती गाडी शोरूममध्ये असतानाच रंगवली होती, हे तेव्हा कोणाला पटवणार?

एवढ्यावरही मी कदाचित तीच घेतली असती. आईचा दसऱ्याचा हट्ट होता. "सोनं लुटायच्या दिवशी गाडी दारात नको का रे?" हे रोज ऐकत होतो. माझं मन फिरलं ते गंजामुळे नव्हे, त्यावरच्या उपायामुळे.

डाग दाखवला तेव्हा सेल्समनने मान डोलावली, फोनवर फोटो घेतला आणि म्हणाला, "सर, बॉडीशॉपला सांगतो, तुम्हाला आमच्याकडून अंडरबॉडी कोटिंग फ्री." पुन्हा गेलो तर डिकीची कड काळीकुळकुळीत. घासलेलं काही नाही, प्रायमर नाही, सरळ डांबरी कोटिंगचा फवारा मारलेला. "आता दाखवा सर, कुठे आहे गंज?" हे तो खरंच निरागसपणे विचारत होता, आणि मला दाखवता येईना. वाकून पाहिलं तर ते निथळायचं भोकही कोटिंगने अर्धं बुजलेलं. ज्या वाटेने पाणी बाहेर पडायचं तीच बंद, आणि गंज वरून झाकलेला, म्हणजे ओल आत मुक्कामाला. त्या क्षणी माझ्यापुरता निकाल लागला. डाग होता तोपर्यंत तो केवढा आहे हे कळत होतं. फवाऱ्यानंतर ते तपासायची सोयच उरली नाही.

म्हणून तीच गाडी घ्यायची ठरवलीत तर एक अट नक्की घाला: काम होण्याआधी कोटिंगचा डबा उघडायचा नाही. घासलेला उघडा पत्रा आधी आपल्याला दाखवायचा, मग पुढचं. याला शोरूम तयार असेल तर माझा आक्षेप निम्मा होतो. फुकटच्या वस्तूंनी मात्र हुरळून जाऊ नका. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप यांचा गंजाशी काही संबंध नाही. वाढीव वॉरंटी देऊ केली तर तिचा कागद वाचा. ती बहुतेक वेळा इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग अशा भागांची असते, पत्र्याचा गंज त्यातून वगळलेला सापडतो. युरोपात बऱ्याच कंपन्या पत्र्याला आतून आरपार भोक पडलं तर १२ वर्षं जबाबदारी घेतात. आपल्याकडे कंपनी नेमकं काय देते, ते त्या मॉडेलच्या वॉरंटी पुस्तिकेतच पाहावं.

दुसरा चेसिस मागण्यातही जाच आहेच. वाट पाहावी लागते. महिनाअखेर असेल तर शोरूमचा सूर बदलतो, 'असा कस्टमर पहिल्यांदाच बघतोय' हे ऐकावं लागतं. दुसरी गाडी त्याच यार्डात, त्याच पावसात उभी असण्याची शक्यता असते, त्यामुळे पुन्हा वाकणं आलंच. म्हणून मी नुसती दुसरी गाडी मागितली नाही, नंतरच्या महिन्यात बनलेली मागितली. चेसिस नंबरच्या सतरा अक्षरांत वर्ष-महिन्याची खूण असते. तिची जागा कंपनीगणिक वेगळी, पण सर्व्हिस सेंटरमधला कोणीही सांगू शकतो. नंबर हातात आल्यावर गाडी धुवायच्या आत पाहायला गेलो. हिचीही डिस्क नारिंगी होती, सायलेन्सर तपकिरी होता. घड्या कोरड्या, सीलंट अखंड. घेतली. दसऱ्याचा पूर्ण मुहूर्त सोडून दिवाळीच्या पाडव्याचा अर्धा पदरात पडला, यावर आईने अखेर समाधान मानलं.

दोन्ही रस्त्यांना एक सीमारेषा आहे: पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी. हल्ली नव्या गाडीची नोंदणी शोरूममधूनच होते, आणि टार्गेटच्या घाईत ते पीडीआयच्या आधीच इन्शुरन्स आणि टॅक्स भरून मोकळे होतात. पेट्रोल गाडी दहा लाखांच्या आतली असली तरी आपल्या राज्यात ११ टक्के कर आहे. तो भरून नंबर पडला की कागदोपत्री गाडी तुमची, आणि मग 'बदलून द्या' म्हणणं म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढणं. तिथे ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते, पण वेळ जातो. त्यामुळे बुकिंगच्या वेळीच ईमेलवर लिहून ठेवावं की गाडी पाहून मी होकार दिल्याशिवाय इन्शुरन्स काढू नये. डाग सापडला तर फोटो आणि चेसिस नंबर त्याच ईमेलवर. सेल्समनचा व्हॉट्सॲप धरून बसू नका, तो माणूस दोन महिन्यांत दुसऱ्या शोरूमला गेलेला असतो.

लातूर-सोलापूरकडच्या माणसाला मी इतक्या आग्रहाने सांगणार नाही. तिथे घडीतला नखाएवढा डाग नीट घासून-रंगवून घेतला आणि शोरूमने मोबदल्यात रोख सूट दिली, तर सौदा वाईट नाही. किनाऱ्यावरच्या माणसाने, म्हणजे पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि खाली गोव्यात, थांबावं असं मला वाटतं. इथे पत्रा 'गंजला' म्हणत नाहीत, 'कुजला' म्हणतात, आणि ते उगाच नाही.

काही जागांचा गंज मात्र या तुलनेत घेऊच नका: सीटखालचे रूळ आणि बोल्ट, स्टेपनीच्या खळग्याचा तळ, कार्पेटखालचे वायरिंगचे क्लिप. तिथे पावसाचं पाणी पोचायचं कारण नाही. तिथे गंज किंवा मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती की काय, हा संशय येतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी कुठवर चढलं होतं ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून मी कोणाचीही गाडी बघायला गेलो तर आधी सीट मागे सरकवतो. असं काही दिसलं तर सूट, दुरुस्ती यांची बोलणीच नकोत, बुकिंगचे पैसे परत मागावेत.

डिसेंबरात हा पेच पडला असेल तर थांबण्याकडे पारडं आणखी झुकतं, कारण पुढची गाडी नव्या वर्षात बनलेली मिळू शकते आणि विकताना ते वर्ष मोजलं जातं. कंपन्या जानेवारीत किंमत वाढवतात आणि शोरूम डिलिव्हरीच्या दिवसाचा दर लावतं, तेवढं मात्र आधी बोलून घ्या. गाडी तुमच्या दोषाने नाकारलेली नाही, तेव्हा जुन्या किमतीला देऊ असं त्यांच्याकडून लिहून मागायला हरकत नाही. माझ्या शोरूमने थोडी कुरकुर करून दिलं होतं.