विनागाडी माथेरान: नेरळची रांग, अमन लॉजची शटल आणि रुळांकडेची वाट

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आणि स्वतःची गाडी नसलेल्या माणसाला शनिवार-रविवारसाठी माथेरानइतकं सोयीचं ठिकाण दुसरं नाही. लोणावळ्याला रेल्वेने उतरलं तरी पॉइंट बघायला रिक्षा ठरवावी लागते. महाबळेश्वरला एसटीने पोहोचलं तरी टॅक्सीवाचून हलता येत नाही. माथेरानला मात्र चारचाकीवाल्यालाही आपली गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावीच लागते. तिथून पुढे सगळे पायी, घोड्यावर, रिक्षात नाहीतर टॉय ट्रेनमध्ये.

तरीही बरेच जण माथेरानहून वैतागून परततात. त्यांची चूक बहुतेक वेळा एकच असते: सगळी सहल डोंगराच्या पायथ्याच्या नेरळहून सुटणाऱ्या टॉय ट्रेनच्या तिकिटावर बांधलेली असते. म्हणून आधी तिचंच बघू.

नेरळ-माथेरान गाडी १९०७ सालची, दोन फुटी रुळांची, साधारण वीस-एकवीस किलोमीटरची. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशातून ती बांधली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत ती वर येते. वाट इतकी वळते की दरी कधी डाव्या हाताला असते, कधी उजव्या, त्यामुळे अमुकच बाजूची खिडकी हवी म्हणून भांडण्यात अर्थ नाही. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून वेग सायकलीच्या आसपासचा आणि प्रवास सुमारे दोन तास चाळीस मिनिटांचा.

गाडी सुंदर आहे यात शंका नाही. अडचण जागांची आहे. सकाळी नेरळहून दोनच गाड्या सुटतात, एक नऊच्या थोडी आधी आणि दुसरी साडेदहाच्या आत-बाहेर. डबे मोजके, त्यातही काही सामानाचे. आगाऊ आरक्षण नाही. तिकीट खिडकी गाडी सुटायच्या पाऊण तास आधी उघडते, पण रांग त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते. शनिवारी सव्वाआठला नेरळला उतरून पहिल्या गाडीचं तिकीट मिळेल अशी आशा धरू नये. सातच्या आत रांगेत उभं राहायची तयारी असेल तरच या गाडीचा विचार करावा. त्यातही पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तरी, नेरळ ते अमन लॉज हा टप्पा दरवर्षी बंद असतो. २०१९च्या पावसात रूळ वाहून गेले, तेव्हा तर हा टप्पा थेट २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. निघायच्या आदल्या दिवशी गाडी चालू आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

एका बाजूच्या प्रवासासाठी गाडी हवीच असेल, तर उतरताना धरावी. दुपारी पावणेतीन आणि चारच्या सुमारास माथेरानहून खाली जाणाऱ्या गाड्या असतात. तिकिटासाठी पहाटेची लोकल पकडावी लागत नाही, दुपारच्या उन्हात डोंगराची सावली मिळते आणि सहलीचा शेवट धावपळीत होत नाही. मात्र रविवारी तिथेही रांग असतेच. सहा महिन्यांचं बाळ किंवा गुडघे दुखणारी आजी सोबत असेल, तर पावणेतीन तास लाकडी बाकावर अवघडून बसणं त्यांना जमेल का, याचा आधी विचार करावा.

आता जाण्याचा भरवशाचा मार्ग. सीएसएमटीहून कर्जत किंवा खोपोली लोकल धरायची. बदलापूर लोकल चालत नाही, ती नेरळच्या तीन स्टेशनं आधीच संपते, आणि ही चूक दर शनिवारी कुणीतरी करतंच. नेरळपर्यंत जलद लोकलला पावणेदोन-दोन तास लागतात. दुसऱ्या वर्गाचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत. या लोकल दर पाच मिनिटांनी नसतात, एक चुकली तर पाऊण तास फलाटावर काढावा लागतो, म्हणून घरातून निघण्याआधी वेळ पाहून घ्यावी. पुण्याहून येणाऱ्यांनी सकाळी सहाच्या सुमाराची सिंहगड एक्स्प्रेस धरून कर्जतला उतरावं आणि मुंबईकडच्या लोकलने भिवपुरी रोडनंतरच्या नेरळला यावं. कर्जत-नेरळ हे तिकीट वेगळं लागतं.

नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी उभ्या असतात. सीटा भरल्या की निघतात, माणशी दर ठरलेला असतो, तो बसण्याआधी विचारून घ्यावा. घाट सात-आठ किलोमीटरचा आणि चांगलाच उभा. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्यावी, पोटभर नाश्ता मात्र वर पोहोचल्यावरच करावा. अर्ध्या तासात दस्तुरी येतं. कर्जतहून नेरळमार्गे दस्तुरीला एसटीची मिनीबसही येते. ती स्वस्त आहे, पण फेऱ्या मोजक्या, म्हणून तिच्या वेळेवर सहल बेतू नये. मिळाली तर बसावं.

दस्तुरी हा या सगळ्या सहलीतला सर्वात कच्चा दुवा. टॅक्सीतून पाय खाली ठेवताच चारपाच जण भोवती जमतात. ‘गाडी आज बंद आहे’, ‘स्टेशन लांब आहे’, ‘चालत दीड तास लागतो’ ही वाक्यं ऐकायला मिळतात. नवख्या माणसाचा तिथे गोंधळ होतो आणि घोड्याचा नको तितका दर कबूल करून तो मोकळा होतो. या दिशाभुलीला कंटाळून २०२५च्या मार्चमध्ये खुद्द माथेरानकरांनी गाव बंद ठेवलं होतं. घोडेवाल्यांचं पोट याच धंद्यावर आहे आणि बरेचसे जण सचोटीने वागतात. तरीही नेमकी माहिती आपल्याजवळ असली की फसगत होत नाही. ती एवढीच: नगरपरिषदेच्या नाक्यावर प्रवेशकराची पावती घ्यायची आणि जपून ठेवायची, पुढे सरळ चालायचं, पाच-दहा मिनिटांत अमन लॉज स्टेशन लागतं. गाडी चालू आहे की बंद, हे फक्त तिथल्या खिडकीवरच विचारायचं.

अमन लॉज ते माथेरान ही शटल म्हणजे या डोंगरावरची सगळ्यात उपयोगी सेवा. तीच गाडी, तेच छोटे डबे, पण अंतर जेमतेम तीन किलोमीटर आणि वेळ पंधरा-वीस मिनिटं. पावसाळ्यातही ती चालते. फारच जोराचा पाऊस झाला, दरड आली, तरच थांबते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठरावीक अंतराने फेऱ्या असतात, शनिवार-रविवारी एक-दोन जादा, आणि अंधार पडायच्या आत शेवटची निघून गेलेली असते. मुलांना टॉय ट्रेनची हौस असेल तर ती इथे पुरी करून घ्यावी. नेरळला पहाटे रांग लावण्याची गरज राहत नाही.

पण शटलच्या खिडकीवरही पन्नास माणसं पुढे असतील, तर थांबू नये. चालत निघावं. दस्तुरीहून बाजाराकडे दोन वाटा जातात. एक घोड्यांची, लाल मातीची, चढउताराची. दुसरी रुळांच्या कडेने जाणारी, जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी असलेली. दुसरीच घ्यावी. पाठीवरचं ओझं हलकं असेल तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बाजार येतो. या वाटेवर एप्रिलच्या दुपारीही सावली असते. रुळांच्या मधून चालू नये, कडेने चालावं. वळणावर गाडी दिसण्याआधी शिट्टी ऐकू येते, तेव्हा झाडाच्या बाजूला सरकून उभं राहावं. गाडी इतकी हळू जाते की आतल्या मुलांचे हलणारे हात एकेक करून दिसतात.

चाकांची बॅग आणू नये. जांभ्याचे दगड, लाल धूळ, मध्येच विटांसारखे ब्लॉक, यावर पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्येच तिचं एखादं चाक निखळतं, आणि मग बॅग उचलून न्यायला हमाल करावा लागतो. हमालाशी दर आधीच, नगांवर ठरवावा आणि हॉटेलचं नाव नीट सांगावं, कारण बाजारापासून एखादं हॉटेल वीस मिनिटं पुढे असू शकतं. सर्वात बरी पाठीवरची एकच सॅक. हातात खाण्याची पिशवी लटकवू नये. माकडं बरोबर तिच्यावरच येतात आणि पिशवी ओढताना नख लागतं. खाणं सॅकच्या आत ठेवावं.

माथेरानमधली हातरिक्षा ओढण्याची पद्धत सहा महिन्यांत थांबवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिला आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असंही सांगितलं. चढावर माणसाने माणसाला ओढायचं हे फार आधी थांबायला हवं होतं. ई-रिक्षांची संख्या मर्यादित आहे, त्यात गावातल्या शाळकरी मुलांचीही सोय बघायची असते. म्हणून धडधाकट माणसांनी ती जागा वयस्कर आणि आजारी लोकांसाठी सोडावी, ही कळकळीची विनंती.

राहण्याबद्दल थोडक्यात. शनिवारच्या रात्रीचा दर मधल्या वारांच्या जवळपास दुप्पट होतो. शुक्रवार रात्र धरून शनिवारी परतणं किंवा रविवारी जाऊन सोमवारी येणं जमलं, तर पैसेही वाचतात आणि वाटाही मोकळ्या मिळतात. इथल्या बऱ्याच हॉटेलांत खोली सकाळी नऊ-दहालाच सोडावी लागते. सामान दुपारपर्यंत ठेवू देतील का, हे आधी विचारावं. एमटीडीसीचं, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान दस्तुरीच्या जवळ आहे. सामान जास्त असेल किंवा रात्री पोहोचणार असाल तर ते सोयीचं, पण बाजारात जेवायला जायचं म्हटलं की प्रत्येक वेळी चाल पडते. रोख पैसे जवळ ठेवावेत. झाडीत मोबाइलची रेंज जाते आणि फोनवरून पैसे देणं अडतं.

पॉइंटांची यादी पुरी करायच्या मागे लागू नये. पायी चालणाऱ्याने दोन दिवसांत तीन फेऱ्या कराव्यात. पहिल्या दुपारी शार्लोट तलाव, पिसारनाथाचं देऊळ, लॉर्ड, एको आणि लुईझा. हे सगळे एकाच अंगाला आहेत. तलावाचं पाणी गावाच्या पिण्याचं आहे, त्यात उतरू नये, आणि काठ निसरडा आहे हेही लक्षात ठेवावं. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो. तिथून परतताना झाडीत सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांत मिट्ट काळोख होतो, म्हणून बॅटरी हवीच. मोबाइलचा उजेड लाल मातीतला दगड दाखवतो, पण झाडाचं मूळ दाखवत नाही. दुसऱ्या पहाटे पॅनोरमा. हा सगळ्यात लांबचा, बाजारातून तासाभरापेक्षा जास्त चाल, पण सूर्योदयासाठी याच्या तोडीचा दुसरा पॉइंट नाही. उरलेल्या वेळात अलेक्झांडर, रामबाग आणि वन ट्री हिल. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०मध्ये चौक गावाकडून वर चढला तो याच वन ट्री हिलच्या अंगाने.

पावसाळ्यात जायचं असेल तर बुटांचा तळ बघून जावं. ओल्या जांभ्यावर शेवाळ चढतं. गुळगुळीत तळाची चप्पल तिथे एका पावलात घसरते, आणि कठड्याबाहेरच्या दगडावर फोटोसाठी उभं राहणाऱ्याला दुसरी संधी मिळत नाही. लाल मातीचे डाग पांढऱ्या कपड्यांवरून निघत नाहीत. फेब्रुवारी ते मे याच मातीची धूळ घोड्यांच्या टापांनी उडते. दम्याचा त्रास असेल तर मास्क घ्यावा, किंवा दसरा-दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत. तेव्हा धूळ बसलेली असते आणि झाडं अजून हिरवी असतात.

परतीचं आधीच ठरवून ठेवावं. रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद, असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार. त्या वेळेत लोकल उशिरा धावतात, आणि ब्लॉक उठल्यावरच्या पहिल्या गाड्या तुडुंब भरतात. एकतर दुपारी बारापर्यंत नेरळ सोडावं नाहीतर सातनंतर. दस्तुरीहून खाली येणाऱ्या टॅक्सीलाही रविवारी चार ते सहा रांग असते, तिचा पाऊण तास हिशेबात धरावा.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील, तर नेरळला भरलेल्या लोकलमध्ये चढायचा प्रयत्न करू नये. उलट दिशेची लोकल धरून दोन स्टेशनं मागे कर्जतला जावं आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून यावं. अर्धा-पाऊण तास जास्त जातो, पण दोन तास बसून प्रवास होतो. फक्त तिकीट त्याप्रमाणे काढावं. नेरळ ते मुंबईचं तिकीट कर्जतकडे जाताना चालत नाही, दंड होतो. आधी नेरळ-कर्जत आणि मग कर्जतपासून घरच्या स्टेशनापर्यंत, अशी दोन तिकिटं हवीत.