एक्कावन्न अणूंची गोष्ट: विद्यापीठातील एका व्याख्यानाविषयी

क्वांटम सिम्युलेशन आणि गतिकी या विषयावरील दीड तासाचे संशोधनपर व्याख्यान गेल्या आठवड्यात विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ऐकले, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असे व्याख्यान चुकवू नये असे मनापासून वाटते. निसर्ग क्वांटम नियमांनी, म्हणजे अणूंच्या पातळीवरील नियमांनी, चालत असल्याने त्याची नक्कलही क्वांटम यंत्रानेच करावी, या भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या विचारापासून सुरुवात झाली. प्रत्येकी दोन अवस्था असलेल्या ५१ अणूंचे पूर्ण वर्णन करायला सुमारे सव्वादोन हजार लाख कोटी संख्या लागतात, हे फळ्यावर मांडले गेले तेव्हा नेहमीचा संगणक कुठे अडतो ते लख्ख समजले.

व्याख्यानाचा गाभा होता हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांचा २०१७ मधील प्रयोग. लेझरच्या चिमट्यांनी ओळीत धरलेले रुबिडियमचे ५१ अणू एकाआड एक उत्तेजित करून (म्हणजे जास्त ऊर्जेच्या अवस्थेत नेऊन) प्रणाली अचानक मोकळी सोडली, तर ती लवकरच सुरुवातीची मांडणी विसरून समतोलाला जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती मांडणी पुन्हा पुन्हा परतत राहिली. या दोलनांचे ‘क्वांटम स्कार’ (सुरुवातीची मांडणी सहज न विसरणाऱ्या काही खास क्वांटम अवस्था) हे स्पष्टीकरण वक्त्यांनी घाई न करता, आकृत्या काढत उलगडले, आणि माझ्या मते हाच भाग सर्वांत मोलाचा होता.

मात्र मागच्या रांगांपर्यंत आवाज नीट पोहोचत नव्हता, आणि प्रश्नोत्तरांसाठी जेमतेम दहा मिनिटे उरल्याने प्रयोगातील त्रुटींची चर्चा अर्धवट राहिली.