एव्होल्यूट आर: जांघेची वाट बंद असेल तेव्हा

छाती न उघडता धमनीतून नळीने हृदयात बसवायच्या मेडट्रॉनिकच्या या महाधमनीच्या झडपेची जमेची बाजू म्हणजे सडपातळ नळी. २३ ते २९ मिमीच्या झडपेला ५ मिमीची धमनी पुरते. तरीही जांघेतल्या धमन्या कॅल्शियमने कडक असतील, तर डाव्या कॉलर बोनखालची सबक्लेव्हियन धमनी बरी. सर्जन छोटा छेद देऊन ती उघडी करतो, कारण हाडाआड दाबून रक्त थांबवणं अवघड. उजवीकडून मात्र जपून. महाधमनीच्या मुळाचा कोन ३० अंशांपुढे असेल तर झडप सरळ बसवणं कठीण, मग कडेने गळती. लिमा बायपास (डाव्या सबक्लेव्हियनमधून निघणाऱ्या छातीतल्या धमनीचा) चालू असेल तर नळी त्याचाच रक्तपुरवठा अडवू शकते. सीटीत आधी बघाच. हृदयाच्या टोकाकडून मात्र हिला वाट नाही, तिथे एडवर्ड्सची सेपियन झडप.