हणजूणचा बुधवार बाजार: रशियन बिल्ल्यांचं दुकान

मी मांद्र्याचा टॅक्सीवाला. सीझनला निम्मे पॅसेंजर रशियन. गेल्या बुधवारी पेर्मच्या एका आजींना नि त्यांच्या मुलीला बाजारात सोडलं आणि पिशव्या धरायला मीही आत शिरलो.

माडाखाली चादर अंथरून बिल्ले मांडलेले. दुकानदार म्हणाला, "दादा, आर्मीचं मेडल, सहाशे." आजी खो खो हसल्या. नखाएवढा लाल झेंडा, त्यावर सोनेरी लेनिन. हा कोम्सोमोलचा बिल्ला, सोव्हिएत तरुणांच्या संघटनेचा. वय १४ ते २८. घासाघीस करून साडेतीनशेला घेतला.

बिल्ल्यापेक्षा भारी होती शेजारची सभासद-पुस्तिका. आत फोटो आणि महिन्यांचे रकाने: कमाई किती, वर्गणी किती, पुढे शिक्का. मुलगी इंग्रजीतून सांगत होती. आजींना सभांचा कंटाळा यायचा, तरी त्यांनी एकही शिक्का चुकवला नाही. कॉलेजच्या प्रवेशाला संघटनेचं शिफारसपत्र लागायचं. परदेशी जायचं तर वर्तनाचा दाखला, त्यावर साहेब, पक्ष आणि युनियन अशा तिघांच्या सह्या. आमच्याकडे चिठ्ठी आमदाराची, एवढाच फरक!

आणि शिडी होती ती खरीच. सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह स्ताव्रोपोलच्या कोम्सोमोलमधूनच वर चढले. शेलेपिन तर संघटनेचा प्रमुख होता, १९५८ मध्ये केजीबीचा, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याचा, प्रमुख झाला. गंमत म्हणजे पुढे अब्जाधीश झालेला खोदोर्कोव्स्कीही मॉस्कोच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये कोम्सोमोलचाच पदाधिकारी. धंद्याची सुरुवात त्याने १९८७ मध्ये संघटनेच्याच छत्राखाली केली. चार वर्षांनी, १९९१ मध्ये, कोम्सोमोलच बरखास्त झाली.

आता दुकानाबद्दल. माल जुना आहे, आजींनी उलटून पालटून पाहिला. पण विकणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, सगळंच "आर्मी". माझ्या बिल्ल्याची पिन शिवोलीच्या पुलावर पोचेपर्यंत निखळली. आता डॅशबोर्डवर गणपतीशेजारी फेविक्विकने चिकटवलाय. यूपीआय चालत नाही, सुट्टे न्या. पाचांतले तीन तारे.

पुस्तिकेचे आठशे सांगत होता, मी पाचशेपर्यंत आणलेही होते. आजींनी माझा हात धरला. फोटोतल्या मुलीकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटल्या. मुलीने सांगितलं, "आई म्हणते, हिच्या घरच्यांनी ही विकली कशी?" मी पाकीट परत खिशात टाकलं.