सोमवार दुपारी ३ ते ५, महापालिकेत फाइल बघायची सोय : माझा अनुभव (५ पैकी साडेतीन स्टार)

हॉटेल, मोबाईल, मिक्सर सगळ्याचे रिव्ह्यू लोक लिहितात, पण या सोयीबद्दल कुणी काही लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून लिहितेय. जरा मोठं होईल, पण पूर्ण वाचा, कारण निवडणुकीच्या दिवसात आपल्या ग्रुपवर जे काय काय येतं त्यातलं खरं किती हे घरबसल्या कळत नाही आणि ते कळायची एक जागा आपल्याच गावात आहे, फुकट आहे.

आधी सोय काय ते सांगते. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवस वाट बघायची, हे बऱ्याच जणांना माहिती असतं. पण अर्ज न करता सरळ जाऊन फाइल बघता येते हे फार कमी जणांना माहिती आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, मग नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि महापालिका, जिल्हा परिषदांनाही सांगितलं की दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघू द्या. कायद्यातच माहितीच्या अधिकारात नुसती झेरॉक्स मिळणं नाही तर काम बघणं, कागद बघणं, टिपून घेणं, अगदी साहित्याचा नमुना मागणं हेसुद्धा येतं. मला हे आमच्या दुकानात येणाऱ्या एका रिटायर्ड ओव्हरसियर काकांनी सांगितलं. मी हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघते, त्यामुळे बिलं, माप, सिमेंट-खडी हे रोजचंच, नाहीतर मीही घाबरले असते.

गेले का, तर आमच्या गल्लीच्या रस्त्यासाठी. काँक्रीटचा रस्ता २०२४ ला झाला आणि दीड वर्षात वरचा थर उडून खडी उघडी पडली, शाळेच्या रिक्षा आदळतात, पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकू गाडीवरून पडल्या. आणि दिवाळीनंतर महापालिका निवडणुकीचं वारं सुटलं तसा हाच रस्ता प्रत्येकाच्या तोंडी. माजी नगरसेवकांचा फ्लेक्स लागला, "माझ्या प्रयत्नातून ३८ लाखांचा रस्ता". दुसऱ्या बाजूने मेसेज फिरला की रस्त्याला ८० लाख आले आणि अर्धे खाल्ले. तिसरे इच्छुक घरोघरी येऊन सांगत होते की मला निवडून द्या, हा रस्ता नव्याने करून देतो. चहाच्या टपरीवर तिन्ही गोष्टी छातीठोकपणे सांगणारे होते आणि मी स्वतः ८० लाखवाल्या बाजूची होते, मेसेज मी पण तीन ग्रुपवर पुढे पाठवला होता. खरं सांगायचं तर माझ्याकडे आधार काहीच नव्हता, रस्ता खराब आहे म्हणजे पैसे खाल्लेच असणार एवढंच.

पहिला सोमवार वाया गेला. कोणत्या खोलीत जायचं याचा बोर्ड नाही, चौकशीच्या खिडकीवर म्हणाले बांधकाम विभागात जा, तिथे म्हणाले साहेब मीटिंगला गेलेत, चार वाजता परत आले तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. ही सोय सरकारी आदेशाने आहे, कुणाची मेहेरबानी नाही, तर निदान तीन ते पाच एक माणूस आणि एक किल्ली जागेवर पाहिजे. याचा एक स्टार मी सरळ कापलाय. जिना चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला असं परत पाठवलं तर तो पुन्हा येणार नाही आणि मग टपरीवर जे ऐकेल तेच खरं धरून मत देईल, दुसरं काय करेल तो.

दुसऱ्या सोमवारी ओव्हरसियर काकांना घेऊन गेले. तिथले हेडक्लार्क पहिल्यांदा म्हणाले, "ताई, कशासाठी पाहिजे तुम्हाला?" मी म्हटलं, "बघायचीय." काकांनी शांतपणे सांगितलं की कारण सांगायची कायद्यात गरज नाही. हेडक्लार्कनी काही वाद घातला नाही, रजिस्टरमध्ये नाव आणि सही घेतली आणि दहा मिनिटात लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. इथून पुढे मात्र त्या माणसाबद्दल मला चांगलंच लिहायचंय. कुठला कागद कुठे असतो ते त्यांनी दाखवलं, प्रशासकीय मान्यता कुठली, तांत्रिक मान्यता कुठली, टिपणी खालून वर कशी वाचायची. फोटो काढू दिले नाहीत, वहीत लिहून घ्या म्हणाले, नक्कल पाहिजे तर पानाला दोन रुपये भरून रीतसर.

आता फाइलमध्ये काय होतं ते. ८० लाख हा आकडा खोटा नव्हता, पण तो आमच्या रस्त्याचा नव्हता, प्रभागातल्या तीन कामांची मिळून ती तरतूद होती. आमच्या रस्त्याचं अंदाजपत्रक ३४ लाखांचं, निविदा बारा टक्के कमी दराने गेली म्हणजे २९ लाख ९२ हजार, आणि शेवटचं बिल २९ लाख ४१ हजार. म्हणजे फ्लेक्सवरचे ३८ पण नाहीत. पैसा नगरोत्थान या राज्य सरकारच्या योजनेतून जिल्हा नियोजन समितीच्या मार्गाने आलेला, आणि कार्यादेशावर, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करा म्हणून दिलेल्या पत्रावर, तारीख ११ जानेवारी २०२४, म्हणजे तेव्हा नगरसेवक कुणीच नव्हतं, दोन वर्षांपासून प्रशासक होते. मग माजी नगरसेवकांचे प्रयत्न कुठले, असं मी काकांना म्हणाले सुद्धा. तर पुढच्या पाच पानांनंतर त्यांचं पत्र सापडलं, २०२१ चं, आवक शिक्क्यासकट, रस्ता करा म्हणून. म्हणजे त्यांनी मागणी केली होती हे खरं. मी ते पण वहीत लिहिलं कारण आपल्याला नको असलेलं पान गाळायचं तर फाइल बघायला जायचंच कशाला.

आणि त्या पत्राच्या खाली आणखी एक अर्ज होता, २०१९ चा, आमच्या गल्लीतल्या रहिवाशांचा, ४६ सह्या. चौथ्या ओळीत माझ्या सासूबाईंची सही. त्यांना लिहिता फार येत नव्हतं, नाव लिहिताना प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढायच्या आणि शेवटी वरची रेघ एकदम एका झटक्यात मारायच्या, अगदी तशीच, निळ्या बॉलपेनने. त्या २०२२ ला गेल्या, रस्ता झालेला त्यांनी बघितलाच नाही. मी किती वेळ त्या पानावर हात ठेवून बसले मला आठवत नाही, हेडक्लार्कनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. एवढे सगळे श्रेय घ्यायला भांडतायत आणि मागणीचा पहिला कागद आमच्या गल्लीतल्या बायाबापड्यांचा होता, हे कुणाच्याच फ्लेक्सवर नाही.

मग एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका. बिल निघतं ते याच वहीवरून. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजून लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि सही करतो, त्याच्या वरचा डेप्युटी इंजिनिअर तपासून सही करतो. मी पान उतरवून घेतलं, रुंदी ४.०० मीटर, जाडी ०.२० मीटर. घरी आले, दुकानातला टेप घेऊन पोराबरोबर रस्ता मोजला. दत्तमंदिरापासून पुढे रुंदी ३.६० भरली! प्रत्येक मीटरमागे चाळीस सेंटिमीटर कमी, म्हणजे चोरी पकडली असंच वाटलं. मेसेज टाईप पण केला होता. ओव्हरसियर काकांना आधी फोन केला म्हणून वाचले, ते म्हणाले, "पोरी, एमबीत एकच ओळ होती का? रस्ता अरुंद होतो तिथे दुसरी ओळ असणारच, परत जाऊन बघ." तिसऱ्या सोमवारी परत गेले. दुसरी ओळ होती, पान उलटल्यावर. पहिले १८० मीटर ४.०० ने आणि पुढचे १३० मीटर ३.६० ने, मिळून २३७.६० घनमीटर. तंतोतंत. मी पान उलटलंच नव्हतं. तो मेसेज गेला असता तर एका इंजिनिअरची विनाकारण अब्रू गेली असती, आणि नंतर मी कितीही खरं बोलले असते तरी गल्लीत माझं कुणी ऐकलं नसतं.

कागदावर पण आंधळा विश्वास ठेवायला मी सांगत नाही हां. जाडी टेपने वरून कळत नाही, पण ड्रेनेजच्या लाईनसाठी एका ठिकाणी रस्ता कापलाय तिथे कडेला उभा टेप लावून बघितलं, १९ ते २० सेंटिमीटर भरलं. क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद बघतात त्याचे, २८ दिवसांचे रिपोर्ट फाइलला आहेत, ते पास आहेत. मग वरचा थर का उडाला? काकांचं म्हणणं काँक्रीट टाकल्यावर ते ओलं ठेवायला पाणी नीट मारलं नसणार. आणि इथे गल्लीतल्या लोकांना जे माहिती होतं ते फाइलमध्ये नव्हतं. मी संध्याकाळी पारावर बसून वहीतलं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा समोरच्या इस्त्रीवाल्या दादांनी सांगितलं की एप्रिलच्या उन्हात काँक्रीट टाकलं आणि दोनच दिवस पोती भिजवली, तिसऱ्या दिवशी टँकर आलाच नाही. दोन म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं, वेगवेगळं विचारल्यावर. राजस्थानात १९९४ पासून मजदूर किसान शक्ती संघटन या मजूर-शेतकऱ्यांच्या संघटनेच्या लोकांनी जनसुनवाया घेतल्या, गावात सरकारी कामांवरच्या मजुरांचे हजेरीपट मोठ्याने वाचले आणि ज्यांची नावं त्यात होती तेच उठून सांगायचे की हे काम मी केलंच नाही, हे पैसे मला मिळालेच नाहीत. माहिती अधिकाराच्या कायद्याची मागणी तिथूनच जोर धरत गेली. मला तेव्हा नीट कळलं की मोठ्याने का वाचायचं. कागद एक सांगतो, बघितलेला माणूस दुसरं सांगतो, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही.

सगळ्यात कामाची गोष्ट सापडली ती कार्यादेशाच्या शेवटच्या पानावर, बारीक टाईपात. दोष दायित्व कालावधी तीन वर्षं. काम मे २०२४ ला पूर्ण, म्हणजे मे २०२७ पर्यंत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, आणि त्याची अनामत रक्कम पालिकेकडे अडकलेली आहे. म्हणजे जे इच्छुक नव्याने रस्ता करून देतो म्हणत होते ते आपल्याच पैशाने दुसऱ्यांदा करणार होते, जे काम फुकट व्हायला पाहिजे! ते घरी आले तेव्हा मी वही दाखवून विचारलं, दादा हे तुम्हाला माहिती आहे का? ते प्रामाणिकपणे म्हणाले, नाही ताई, माहिती नव्हतं. मला त्यांचा राग नाही आला. पण तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला मी तीनच प्रश्न विचारले, पैसा कुठल्या योजनेतून, मान्यता कुणाची, आणि दायित्व कधीपर्यंत. १५ जानेवारीला मत देताना कुणाला किती माहिती आहे एवढं तरी मला माहिती होतं. कुणाला दिलं ते इथे लिहिणार नाही.

कुणी जाणार असाल तर थोडं सांगते. तीनला पोहोचायचं असेल तर अडीचला जा. कामाचं नाव, प्रभाग आणि साधारण वर्ष कागदावर लिहून न्या, नुसतं "आमचा रस्ता" म्हटलं तर गठ्ठा सापडत नाही, कारण यादी धड केलेली नाही (अर्धा स्टार याचा, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे यादी लावून ठेवणं त्यांचं कामच आहे). एकटे जाऊ नका, एकाने वाचायचं एकाने लिहायचं. पान नंबर टाकून लिहा आणि प्रत्येक पान उलटून बघा. मान्यता, निविदा, कार्यादेश, एमबी, शेवटचं बिल, एवढी पाच बघितली तरी पुष्कळ कळतं. उद्धट बोलू नका, तिथला क्लार्क आपला शत्रू नाही, उलट त्याच्याएवढी माहिती कुणालाच नसते. बायकांना बसायला नीट जागा नाही, पंखा एकच, त्यासाठी काही कापलं नाही.

माझ्या पहिल्या मेसेजचं काय, तर ज्या तीन ग्रुपवर ८० लाखवाला पाठवला होता त्या तिन्हीवर खरे आकडे टाकले आणि आधीचं चुकलं असं स्पष्ट लिहिलं. एका ग्रुपवर मला "विकली गेली" म्हणाले. दुसऱ्यावर आठ जणांनी सोमवारी कुठे जायचं ते विचारलं.

दायित्वाच्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल लावून डिसेंबरच्या सुरुवातीला ३१ जणांच्या सह्यांचं पत्र दिलं, पोच माझ्याकडे आहे. जानेवारीच्या शेवटी ठेकेदाराची माणसं आली, शाळेच्या बाजूचे तीन पट्टे खरवडून नव्याने भरले, यावेळी पोती दहा दिवस भिजत ठेवली, पाळीपाळीने आम्ही बायकांनीच लक्ष ठेवलं. दत्तमंदिरासमोरचा पट्टा अजून राहिलाय, त्याचं दुसरं पत्र या सोमवारी देणार आहे.