खातं बदलल्याचा मेल आला आणि ४ लाख ६० हजार गेले

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक कापड व्यापाऱ्याचे ४ लाख ६० हजार रुपये एका मेलमुळे गेले. सुरतच्या नेहमीच्या पुरवठादाराचं नाव, खरा बिल नंबर, खरी रक्कम. नवीन होती ती एकच ओळ : खात्याचं ऑडिट सुरू आहे, या वेळी पैसे खालील खात्यात टाका. मुनीमजींनी आरटीजीएस करून टाकलं. चार दिवसांनी सुरतहून फोन आला, पैसे अजून का नाही आले?

मेलचा पत्ता मोठा करून पाहिला तेव्हा चूक दिसली. पुरवठादाराच्या डोमेनमध्ये (मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) इंग्रजी एम आहे, त्या जागी आर आणि एन शेजारीशेजारी होते. मोबाइलवर ते एमच वाटतं. त्यात मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, पत्ता बघायला ते मुद्दाम उघडावं लागतं.

मग बिल नंबर चोरांना कळला कसा? त्याआधी दोनेक आठवडे एक फालतू मेल आला होता : मेलबॉक्स भरलाय, २४ तासांत बंद होईल. त्या लिंकवर दुकानाच्या मेलचा पासवर्ड टाकला गेला. आत शिरलेल्यांनी काहीच बिघडवलं नाही. फक्त एक फिल्टर लावला, बिलाचा प्रत्येक मेल परस्पर बाहेरच्या पत्त्यावर जाईल असा. पासवर्ड बदलला तरी हा फिल्टर तसाच राहतो आणि बहुतेक जण इथंच चुकतात. जीमेल संगणकावर उघडा, सेटिंग्जमधले 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन्ही टॅब तपासा, अनोळखी नोंद उडवा. मग नवा पासवर्ड, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन.

संगणकावर मेलवरच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' असतं. तिथं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, याच्या तपासण्या) यांच्यापुढे 'फेल' दिसलं तर संशय घ्याच. पण 'पास' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. 'पास'चा अर्थ एवढाच, की मेल त्याच डोमेनवरून आला. आर-एनवालं डोमेन चोरांनी स्वतःच विकत घेतलेलं असतं, त्यामुळे ते आरामात पास होतं. म्हणून खातं बदलल्याचं कळलं, की जुन्या बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना आरटीजीएस आणि एनईएफटीआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यायला सांगितलं होतं. नाव जुळत नसेल तर तिथंच थांबा.

पैसे गेलेच तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, लगेच बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत फुटायच्या आत जेवढे सापडतील तेवढेच गोठवता येतात, इथले चार दिवस म्हणूनच महागात पडले. हाताशी यूटीआर नंबर (व्यवहाराचा ओळख क्रमांक, आरटीजीएसचा २२ अक्षरी), रक्कम, तारीख, वेळ आणि समोरचा खाते क्रमांक ठेवा. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवरही नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण (तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तोटा ग्राहकावर येत नाही) अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. इथं पैसे दुकानानंच पाठवले, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका.

तो मेल मात्र डिलीट करू नका. जीमेलमधल्या स्पॅमचे मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. नुसता फॉरवर्ड केला तर मूळ हेडर (मेल कुठून कसा आला याची नोंद) हरवतो आणि तपासाला तोच लागतो. 'शो ओरिजिनल'मधून मूळ फाइल उतरवून ठेवा, मगच 'रिपोर्ट फिशिंग' दाबा. अनोळखी मेलमधलं 'अनसबस्क्राइब' दाबू नका, पत्ता चालू असल्याचं त्यानं पाठवणाऱ्याला कळतं. आणि १९०९ वर वेळ घालवू नका. ती सोय नको असलेल्या कॉल आणि एसएमएससाठी आहे, मेलची तक्रार तिथं चालत नाही.