थंड इंजिन स्वतः चालू करून पाहिल्याशिवाय एमजीबी घेऊ नका

ब्रिटनमध्ये जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची ठरली की बहुतेकांची नजर आधी एमजीबीकडे वळते. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. सुटे भाग आजही जवळपास सगळे मिळतात, आणि १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन घरच्या घरी खोलता येतं. त्यामुळे हौशी, पहिल्यांदाच जुनी गाडी घेणारं गिऱ्हाईक या गाडीला भरपूर मिळतं आणि त्याच्यावर टपलेले विक्रेतेही तितकेच असतात. आमच्या माहितीतल्या, तिकडे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाची अशीच फसवणूक झाली. ती कुठे आणि कशी झाली हे तपशिलात सांगतो, म्हणजे दुसरं कोणी त्याच खड्ड्यात पडणार नाही.

गाडी १९७२ ची रोडस्टर, म्हणजे पक्कं छप्पर नसलेली, क्रोम बंपरवाली. जाहिरातीत ‘एकाच घरात वर्षानुवर्षं जपलेली’ असा मजकूर. पाहायला गेले तेव्हा गाडी बाहेर उभी करून ठेवलेली होती. चावी फिरवताच इंजिन चालू झालं, आवाज गोड. विक्रेता म्हणाला, “आत्ताच गॅरेजमधून बाहेर काढली. सकाळी थंडीत थोडी नखरे करते, पण जुन्या गाड्या अशाच असतात. चार-पाच वेळा अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि सेल्फ मारायचा. नाहीच झाली तर सीटमागच्या पंपावर हळूच ठोकायचं.” हे सगळं त्याने इतक्या प्रेमाने सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याला गाडीची गुपितंच कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर गाडी चालू झाली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

फसवणूक नेमकी इथे झाली. एमजीबीच्या चालू होण्याच्या खऱ्या सवयी मोजक्या आहेत, आणि प्रत्येकीमागे कारण आहे. बाकी जे काही ‘गाडीचा स्वभाव’ म्हणून गळ्यात मारलं जातं तो बिघाड असतो, आणि विक्रेत्याला तो माहीत असतो.

आधी धडधाकट गाडी कशी चालू होते ते पाहू. १९७२ च्या ब्रिटिश गाडीला एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर आणि मागच्या बाजूला विजेवर चालणारा एसयू फ्युएल पंप असतो. चावी इग्निशनवर आणली की पंपाची टक-टक ऐकू येते. फ्लोट बाऊल (कार्बोरेटरजवळच्या पेट्रोलच्या छोट्या वाट्या) भरले की ती मंदावते आणि थांबते. तोवर थांबायचं. मग चोकचा नॉब पूर्ण बाहेर ओढून थोडा फिरवायचा, म्हणजे तो अडकून राहतो. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. सेल्फ मारायचा. चांगलं इंजिन काही सेकंदांत पेट घेतं. घेतल्याबरोबर चोक अर्ध्यावर आणायचा आणि पुढच्या काही मिनिटांत, इंजिन जसं तापेल तसा, पूर्ण आत ढकलायचा.

पायाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एसयू कार्बोरेटरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतोच. इंजिन बंद असताना पॅडल कितीही वेळा दाबलं तरी पेट्रोलचा एक थेंबही आत जात नाही, नुसती थ्रॉटलची झडप उघडझाप करते. चोक ओढल्यावर जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली सरकतो आणि मिश्रण दाट होतं. क्रँक करताना, म्हणजे सेल्फने इंजिन फिरवताना, पॅडल दाबून ठेवलं तर जेटवरचा खेच उलट कमी होतो आणि थंड इंजिन पेट घ्यायला आणखी वेळ लावतं. म्हणून कोणी एसयूवाल्या गाडीचं ‘चार वेळा पॅडल मारा’ असं गुपित सांगू लागला, तर एक तर त्याला गाडी कळत नाही किंवा तो काहीतरी लपवतो आहे. या गाडीत पॅडल मारण्याचा अधूनमधून उपयोग व्हायचा, त्याचं कारण वेगळं होतं. पंपाचा व्हॉल्व्ह गळका होता आणि रात्रभरात पाइपमधलं पेट्रोल मागे टाकीत उतरायचं. पॅडल मारण्यात जो वेळ जायचा, तेवढ्यात पंप बाऊल पुन्हा भरायचा.

पंपावर ठोकण्याची गोष्टही तशीच. एसयू पंपात डिस्ट्रिब्युटरसारखेच पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क, असतात. ते जळले किंवा त्यांच्यावर काजळी धरली की पंप अडकतो, आणि ठोकलं की पॉइंट हलून तो पुन्हा चालतो. ही मरायला टेकलेल्या पंपाची खूण आहे. तो भर रस्त्यात, मोटरवेवर बंद पडणार हे नक्की. पंपाचा आवाज कान देऊन ऐकला तर बरंच कळतं. न थांबता जोरजोरात टक-टक चालली असेल तर टाकी रिकामी आहे किंवा पंप कुठूनतरी हवा ओढतो आहे. इंजिन बंद, इग्निशन चालू, आणि दर काही सेकंदांनी एखादी टक ऐकू येत असेल तर कुठेतरी पेट्रोल गळतंय. बहुतेक वेळा फ्लोटचा निडल व्हॉल्व्ह नीट बसत नसतो. तो अडकला की बाऊल ओव्हरफ्लो होतो. बी-सिरीजला कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, डावीकडे असतात. त्यामुळे तिथे पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करायचं नाही.

त्याच रचनेतून या गाडीची एक खरी सवय येते. गरम इंजिन बंद करून दहा-वीस मिनिटं गाडी उभी ठेवली, विशेषतः उन्हाळ्यात, तर खालची उष्णता कार्बोरेटरला लागते आणि बाऊलमधलं पेट्रोल उकळतं. अशा वेळी चोक अजिबात ओढायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. थोडी खोकते, मग चालू होते. एवढं मान्य. मात्र गरम इंजिनलाही चोक लागत असेल तर मिश्रण पातळ आहे: मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा ओढतंय किंवा थ्रॉटलचे स्पिंडल झिजलेत. उलट थंडीत, रात्रभर उभी असलेली गाडी चोकशिवाय झटकन चालू झाली तर मिश्रण फार दाट तरी आहे किंवा गाडी थंड नव्हतीच.

आणि त्या दिवशी गाडी थंड नव्हतीच. पाहायला येणाऱ्याच्या आधी तासभर इंजिन फिरवून ठेवणं ही सगळ्यात जुनी युक्ती. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी बोनेट उघडायला सांगा आणि रॉकर कव्हरवर तळहात ठेवा. कोमट लागलं तरी सांगायचं: गाडी छान आहे, पण आम्ही उद्या सकाळी पुन्हा येतो, तोवर चालू करू नका. प्रामाणिक विक्रेता हरकत घेत नाही. एअर फिल्टरजवळ इथरच्या स्टार्टिंग स्प्रेचा गोडसर, दवाखान्यासारखा वास आला तर तिथूनच परत फिरा.

आता विजेची बाजू. १९७४ च्या अखेरपर्यंतच्या गाड्यांना सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. त्यातली एक कमजोर झाली तरी दिवे नीट लागतात, सेल्फ मात्र रडतो. मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा: ६.३ व्होल्टच्या आसपास हवी. क्रँक करताना दोन्ही मिळून ९.६ च्या खाली जाता कामा नये. बॅटऱ्यांच्या पेट्यांचा तळ हाताने चाचपून बघा, अ‍ॅसिडने तो हमखास कुजतो. १९६७ च्या बदलाआधीच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. कोणी मध्येच बदल केला आहे का ते विचारा, नाहीतर उलटी बॅटरी जोडून इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळतं.

या रोडस्टरमध्ये सापडलेली सगळ्यात धोक्याची गोष्ट अशी. सेल्फ मारताना चोकचा नॉब बोटांना गरम लागायचा. विक्रेत्याने त्यावरही हसून, “इंजिनची ऊब येते,” असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात इंजिनपासून बॉडीला जाणारी जाड, वेणीसारखी अर्थिंगची पट्टी कोणीतरी गिअरबॉक्स उतरवताना काढली होती आणि परत लावलीच नव्हती. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. त्याला परतीचा रस्ता नसल्याने तो करंट चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक केबलींमधून जात होता. केबलचं आवरण आतून वितळलेलं होतं. पेट्रोलने भरलेल्या कार्बोरेटरला टेकलेली तार लाल होणं म्हणजे आगीला आमंत्रण. तपासणी सोपी आहे: मल्टिमीटरची एक पिन इंजिन ब्लॉकला, दुसरी बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे.

रबर बंपरच्या नंतरच्या गाड्यांत बॅलास्टवालं इग्निशन असतं, म्हणजे इंजिन चालू असताना कॉइलचा व्होल्टेज कमी ठेवणारी रोधक तार असते; तिथली लक्षणं वेगळी. सेल्फ मारताना इंजिन पेट घेतं आणि चावी सोडताच मरतं, तर बॅलास्टची तार तुटली आहे. याउलट चावी सोडण्याच्या क्षणी पेट घेतं, तर क्रँक करताना कॉइलला मिळायला हवा तो पूर्ण पुरवठा मिळत नाही. दोन्ही दुरुस्त होतात. पण ‘चावी पटकन सोडायची, हीच तिची खुबी’ असं ऐकून पैसे देऊ नका.

बाकी इग्निशन साधं आहे: पॉइंट गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लग गॅप ०.०२५ इंच, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. हल्ली मिळणारे स्वस्त कंडेन्सर आणि रोटर आर्म गरम झाल्यावर दगा देतात. गरम होऊन मिसिंग करणारी गाडी आधी या दोन वस्तू बदलून बघावी.

हे सगळं करूनही ती गाडी सकाळी कुरकुरत होती, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजायचं. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर भाव थांबवायचा. इथे शेजारशेजारचे दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर बरेच खाली होते, आणि तेल टाकूनही आकडा वाढला नाही. म्हणजे रिंगा नव्हेत, दोन सिलिंडरांमधलं हेड गॅस्केट गेलेलं. जाहिरातीतल्या ‘इंजिन नुकतंच बांधलंय’ या दाव्याचं एकही बिल नव्हतं. गरम इंजिनला धावताना ५० ते ८० पीएसआय ऑइल प्रेशर हवं, आयडलिंगला १० ते २५. मीटरचा काटा टेस्ट ड्राइव्हच्या शेवटी बघा, सुरुवातीला नाही.

इंजिन मात्र बदलता येतं. खरे पैसे पत्र्यात जातात. एमजीबीला वेगळी चासी नाही. रोडस्टरला छप्परही नसल्याने गाडीचा बराचसा भार दरवाज्याखालच्या सिलवर असतो, आणि तो सिल अनेक पत्र्यांचा मिळून बनतो. दोन्ही बाजूंचं काम नीट केलं तर खर्च हजारो पौंडांत जातो, म्हणून कुजलेल्या सिलवर नवा पत्रा डकवून, पुट्टी आणि रंग मारून विकणारे खूप. खाली वाकून बघा: आतल्या कॅसल सेक्शनचा पायऱ्यांसारखा आकार दिसायला हवा. तिथे सपाट पत्रा आणि ताजं, जाड काळं अंडरसील असेल तर संशय घ्या. सिलवर चमकदार स्टीलची पट्टी लावली असेल तर आणखी जास्त. मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा, पुट्टीवर ते धरत नाही. मग मालकाच्या परवानगीने जॅकिंग पॉइंटवर गाडी उचला आणि दरवाजा उघडबंद करून बघा. दरवाज्याच्या मागच्या कडेची फट वर बंद होत गेली, किंवा दरवाजा अडकला, तर गाडी मध्ये वाकते आहे. या कुटुंबाच्या गाडीचा दरवाजा जॅकवर उघडलाच नाही.

कागदांबाबत थोडक्यात. व्ही५सीवर (ब्रिटनमधलं गाडीचं नोंदणीपत्र) लिहिलेला माणूस हा नोंदणीकृत कीपर असतो, मालकीचा पुरावा तो कागद नाही, हे त्यावरच छापलेलं असतं. विक्री त्याच पत्त्यावर, त्याच नावाच्या माणसाकडून व्हावी. इथे नाव दुसरंच होतं, आणि ‘मामांची गाडी आहे’ असं उत्तर मिळालं. चासी नंबर जीएचएनने सुरू झाला तर रोडस्टर, जीएचडीने तर जीटी, म्हणजे पक्क्या छपराची. रबर बंपर काढून क्रोम बसवलेल्या गाड्याही जुन्या म्हणून खपवल्या जातात. नंबर प्लेटने गाडी नवी भासवायला कायद्याने बंदी आहे, जुनी भासवायला नाही. म्हणून प्लेटवरचं अक्षर पाहू नका, व्ही५सीवरची पहिल्या नोंदणीची तारीख आणि चासी नंबर पाहा. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून कारखान्याच्या नोंदींवरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. त्यात मूळ रंग आणि मूळ इंजिन नंबर कळतो.

चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फार फेरफार न केलेल्या गाडीला २०१८ पासून एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) सक्तीची नाही. विक्रेते हे वाक्य ढालीसारखं वापरतात. एमओटी स्वखर्चाने करून घेता येते. जुन्या चाचण्यांचा इतिहास तर सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट दिसतो. त्यातले गंजाचे शेरे वाचा. मीटर पाच आकडी असल्याने ९९,९९९ नंतर तो शून्यावर येतो, म्हणून मायलेजच्या दाव्याला पावत्यांचा आधार मागा.

फसलात तर काय? विक्रेता खरोखर खासगी माणूस असेल तर कायदा फारसा हात देत नाही. गाडी वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, मुख्यतः एवढंच. व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी ३० दिवसांत परत करता येते. व्यापारी असून खासगी विक्रेता असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे. या कुटुंबाने विक्रेत्याचा फोन नंबर शोधला तेव्हा त्याच नंबरावर आणखी गाड्यांच्या जाहिराती निघाल्या. तिथून प्रकरण फिरलं. जाहिरातीची पूर्ण पानं तारखेसकट जपून ठेवा, फोनवरचं बोलणं त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहून त्याच्याकडून होकार घ्या, पैसे रोख देऊ नका. दोष सापडताच गाडी परत करत असल्याचं लेखी कळवा आणि ती वापरणं थांबवा. स्वतंत्र मेकॅनिकचा सहीचा अहवाल घ्या, आणि तो हातात येईपर्यंत एकही भाग बदलू नका. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या ग्राहक-संरक्षण विभागाकडे, पोहोचते.